लाल गोंड्याचा पेन ड्राइव्ह

भाऊबीज उरकली की दर वर्षी मी प्रेसला एक फोन करते. ‘काका, लाल गोंडा परत पाठवा.’ पलीकडून ‘वहिनी, डब्यात आहे, कुठे जात नाही’ असं ठरलेलं उत्तर येतं. प्रेसच्या काउंटरवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह पडलेले असतात. काळे, निळे, टोपण हरवलेले, कुणाला बँकेनं भेट दिलेले. एकावर चिकटपट्टी लावून बॉलपेननं ‘गणपती पावतीपुस्तक’ असं लिहिलंय, तो तीन वर्षं कुणी न्यायला आलेलं नाही. लोकरीचा लाल गोंडा असलेला मात्र माझा एकटीचाच.

शनिवार पेठेत घरच्या घरी मी 1997 पासून डीटीपी करते, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून देते. दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, निवृत्त लोकांची आत्मचरित्रं. सुरुवातीला फाइल कुठे न्यायची वेळच यायची नाही. लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपरचे उलट्या छापाचे प्रिंट काढायचे आणि तेच प्रेसला द्यायचे. ट्रेसिंगला घडी पडली की छपाईच्या प्लेटवर रेघ उठते, म्हणून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ते ठेवायचे, वर प्लास्टिकची पिशवी, आणि लूनाच्या पुढच्या जागेत पाय आखडून निघायचं. सप्टेंबरात पुण्याचा पाऊस काही संपलेला नसतो. ती पिशवी मी पोटच्या पोरासारखी सांभाळली आहे.

फाइल न्यावी लागायची ती कव्हरची. रंगीत कामाच्या फिल्म दुसरीकडे निघायच्या आणि त्यांना फ्लॉपी लागायच्या. फ्लॉपीत मावणार 1.44 एमबी. वीस एमबीचं कव्हर तुकडे करून पंधरा फ्लॉप्यांवर चढवायचं, आणि तिकडे चौदावी वाचता आली नाही की आधीच्या तेराही फुकट. पुढे सीडी आल्या. 700 एमबी म्हणजे चैनच, पण एकदा लिहिली की लिहिली. कव्हरवर ‘विशेषांक’मधला पोटफोड्या ष चुकलाय हे सीडी लिहून झाल्यावरच दिसतं, हा माझा अनुभव आहे. वाया गेलेल्या सीडी गॅलरीत दोऱ्याला टांगल्या होत्या, कबुतरांसाठी. कबुतरं पहिले दोन दिवस घाबरली.

पहिला पेन ड्राइव्ह माझ्याकडे 2004 साली आला, दिरांनी मुंबईहून आणलेला, 128 एमबीचा. किंमत माझ्या शंभरेक पानांच्या मजुरीएवढी, त्यामुळे तो देवघराच्या खणात असायचा. जगात हे पेन ड्राइव्ह 2000 साली विकायला आले तेव्हा आयबीएमच्या नावानं मिळणाऱ्यात आठ एमबी मावायचे, म्हणजे साडेपाच फ्लॉप्या. माझ्यात अख्खा अंक मावत होता. मी ऐटीत प्रेसला गेले, तर तिथल्या मशीनवर विंडोज 98. त्याला पेन ड्राइव्ह ओळखायला आधी ड्रायव्हर घालावा लागायचा आणि तो ड्रायव्हर होता सीडीवर, सीडी घरी. काका म्हणाले, ‘वहिनी, सीडी आणायचीच होती तर अंकच सीडीवर का नाही आणलात?’ यावर काय बोलणार.

खरा फजितवाडा त्याच्या पुढच्या वर्षी झाला. तेव्हा सगळं काम पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर म्हणजे श्रीलिपी नाहीतर आयएसएम, त्यांचे फॉन्ट त्यांच्याबरोबर. या जुन्या फॉन्टांची गंमत अशी की त्यात मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही सगळं इंग्रजीच लिहिताय, फॉन्ट फक्त वर मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की मुखवटा गळतो आणि खाली कंस, टक्क्याची चिन्हं, डोक्यावर टोप्या घातलेली परदेशी अक्षरं. मी पेन ड्राइव्हवर फाइल नेली, फॉन्ट नेले नाहीत. संपादकीय उघडलं तेव्हा प्रेसमधल्या ऑपरेटरनं मान तिरकी करून विचारलं, ‘हे कानडी आहे का?’

फॉन्टचं निदान डोळ्यांना दिसतं तरी. फोटोंचं दिसत नाही. पेजमेकरच्या पानात मोठा फोटो खरा नसतोच. तिथे असते त्याची फिकट झलक आणि खरा फोटो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता. माझ्या मशीनवरचा पत्ता होता डी ड्राइव्ह, त्यातलं ‘फोटो’ नावाचं फोल्डर. प्रेसच्या मशीनला त्या पत्त्यावर कुणीच सापडलं नाही. पडद्यावर झलक छान दिसत होती, म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. छापून आलं तेव्हा संस्थेच्या संस्थापकांचा चेहरा स्वयंपाकघरातल्या टाइल्ससारखा चौकोनी चौकोनी. सगळा फर्मा, सोळा पानं, माझ्या खर्चानं पुन्हा. त्या दिवाळीला मी साडी घेतली नाही.

तेव्हापासून पेन ड्राइव्हवर सुटी फाइल चढवायची नाही, पूर्ण फोल्डर न्यायचं हा नियम केला. पान, फोटो, फॉन्ट, सगळं बिऱ्हाड बरोबर. पुढे फॉन्ट पोटात घेतलेली पीडीएफ द्यायची पद्धत आली आणि बिऱ्हाड एका ट्रंकेत मावायला लागलं. पीडीएफचा शोध कुणी लावला त्यांना दिवाळीचा फराळ पाठवावा असं मला अजूनही वाटतं.

आता गोंडा. मराठी सॉफ्टवेअरला तेव्हा डोंगल असायचं, म्हणजे कुलूप. ते मशीनला लावलेलं असेल तरच सॉफ्टवेअर चालणार. आधी ते प्रिंटरच्या खोबणीत बसायचं, नंतर यूएसबीचं आलं, आणि हे यूएसबीचं डोंगल हुबेहूब पेन ड्राइव्हसारखं दिसतं. एका वर्षी अंकाची शेवटची रात्र, अकरा वाजलेले. प्रेसचा नवीन मुलगा फाइल घ्यायला दारात. मी चिवड्याचे पोहे भाजत होते, कढई सोडून येता येईना. आतूनच ओरडले, ‘मशीनला लावलाय, काढून घे रे!’ त्यानं काढला. अर्ध्या तासानं प्रेसमधून फोन, ‘मॅडम, तुमचा पेन ड्राइव्ह मशीन घेतच नाही.’ मी म्हटलं दुसऱ्या खोबणीत लाव. लावला. मागच्या बाजूला लाव. लावला. तोवर मी हात पुसून मशीनसमोर आले, तर पडद्यावर चौकट, कुलूप सापडत नाही. आणि त्याच्या शेजारी माझा पेन ड्राइव्ह शांतपणे लुकलुकतोय.

फोनवर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. डोंगल हरवलं तर सॉफ्टवेअर नव्यानं विकत घ्यायचं, असा तेव्हाचा हिशोब. ते पोरगं भर पावसात, डोंगल शर्टाच्या खिशात घालून परत आलं. त्याला आधी टॉवेल दिला, मग बशीभर चिवडा. दुसऱ्या दिवशी मुलीच्या टोपडीचा उरलेला लाल लोकरीचा गोंडा पेन ड्राइव्हच्या भोकात ओवला. पेन ड्राइव्ह बदलत गेले, गोंडा तोच आहे.

मध्ये तीन-चार वर्षं व्हायरसची होती. प्रेसचं मशीन म्हणजे गावचा हापसा, सगळ्यांच्या घागरी तिथेच लागणार. घरी येऊन पेन ड्राइव्ह उघडला की फोल्डरांच्या जागी छोटा बाण असलेले शॉर्टकट. साइज बघावी तर भरलेली, आत बघावं तर काही नाही. पहिल्यांदा मी रडायचीच बाकी होते. फाइली गेलेल्या नसतात हे नंतर कळलं. तो फक्त त्यांना लपवतो आणि दारात आपला बहुरूपी उभा करतो, त्या बाणावर टिचकी मारली की तो तुमच्या घरात. भाच्यानं कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘ॲट्रिब’ ही आज्ञा कशी द्यायची ते एका कागदावर लिहून दिलं, लपवलेल्यावरची एच आणि एस ही दोन निशाणं काढून टाकायची, एवढंच. तो कागद अजून मॉनिटरच्या मागे आहे. त्यानंच दुसरी युक्ती केली. पेन ड्राइव्हवर ‘ऑटोरन डॉट आयएनएफ’ याच नावाचं एक रिकामं फोल्डर करून ठेवलं. त्या नावाची फाइल टाकून व्हायरस आपोआप चालू व्हायचा. नाव आधीच अडवलेलं असलं की साध्या व्हायरसला फाइल टाकता येत नाही. बसमधे रुमाल टाकून जागा धरतात तसंच हे.

एकदा एका संस्थेनं जुन्या अंकांचे स्कॅन मागितले. सगळ्याची मिळून एक झिप फाइल, सहा जीबी. पेन ड्राइव्ह बत्तीस जीबीचा, कोरा करकरीत, आणि मशीन म्हणतंय फाइल फार मोठी आहे. दुकानदारानं फसवलं असं समजून मी भांडायला निघालेच होते. भानगड होती पेन ड्राइव्हच्या आतल्या आखणीची. फॅट 32 नावाच्या जुन्या आखणीत एकेक फाइल चार जीबीच्या आतच असावी लागते, रिकामी जागा कितीही असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला आणि सहा जीबी मुकाट आत गेले.

लोक विचारतात, अजून पेन ड्राइव्ह? मेल करा की. मेलला पंचवीस एमबीच्या पुढे जड होतं, आणि माझा अंक फोटोंसकट सातशे-आठशे एमबी. लिंक पाठवते मी, नाही असं नाही. पण लिंकमध्ये काय होतं ते सांगते. बुधवारी अंक चढवला. गुरुवारी संपादकबाईंना एका कवीच्या नावात काना राहिलेला दिसला. नवीन चढवला. शुक्रवारी जाहिरातदारानं फोन नंबर बदलला. आता तिथे ‘फायनल’, ‘फायनल दोन’ आणि ‘हाच फायनल’ अशा तिघी बसल्यात, आणि प्रेसच्या मुलानं बुधवारीच एक उतरवून घेतलेली आहे. प्लेट कशाची काढली हे अंक हातात आल्यावर कळणार.

म्हणून शेवटच्या दिवशी मी लाल गोंडा फॉरमॅट करते. पूर्ण रिकामा. त्यावर एकच पीडीएफ चढवते. पट्टी पूर्ण झाली तरी त्याचा दिवा लुकलुकत असेल तर हात लावत नाही, मशीनचं लिहिणं अजून चाललेलं असतं. दिवा थांबला की ‘इजेक्ट’ करून काढते, पुन्हा लावते, पेन ड्राइव्हवरूनच फाइल उघडते आणि पहिलं, मधलं, शेवटचं पान बघते. मग ओढणीच्या टोकात गाठ मारून प्रेसला जाते. त्यात दुसरं काही नाहीच, तर दुसरं छापणार कुठून?

मागच्या वर्षी एवढं सगळं केलं. निघताना भाची आलेली होती, तिच्याकडे मॅक. ‘मावशी, कव्हर बघू दे ना,’ म्हणाली. बघितलं, छान आहे म्हणाली, मी गोंडा घेऊन प्रेसला देऊन आले. रात्री साडेदहाला फोन. तोच मुलगा, आता मोठा झालाय, लग्न झालंय त्याचं.

‘मॅडम, यात दोन फायली आहेत.’

‘शक्यच नाही.’

‘आहेत. एकाच नावाच्या. एकीच्या पुढं टिंब आणि खाली रेघ आहे. ती उघडत नाही, खराब झालीय म्हणते.’

मी भाचीला हाक मारली. ती म्हणाली, मॅक असं करतं, अशा पेन ड्राइव्हला लावलं की प्रत्येक फाइलमागे आपली एक चिठ्ठी ठेवून जातं, त्यात अंक नसतो.

‘केवढी आहे रे ती?’ मी विचारलं.

‘चार केबी.’

‘आणि दुसरी?’

‘सातशे बासष्ट एमबी.’

‘मग दोनशे पानांचा अंक कुठल्या फाइलीत असेल असं वाटतं तुला?’

थोडा वेळ नुसता मशीनचा आवाज येत राहिला. ‘मोठी घेतो,’ तो म्हणाला. ‘आणि मॅडम, चिवडा झाला का?’