नख अडकलं की चरा

आमच्या धंद्यात काचेवरच्या रेघेला दोन नावं आहेत. बोटाचं नख रेघेवरून आडवं फिरवायचं. नख घसरून गेलं तर तो ओरखडा, अडकलं तर चरा. ओरखडा निघतो. चऱ्याला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाशी बसून बोलावं लागतं. गेली सत्तावीस वर्षं मी शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या काचा बसवतोय, आणि दर वेळी सुरुवात नखानंच करतो.

मागच्या चैत्रात सकाळी साडेआठच्या सुमाराला गल्लीत एक मॉरिस मायनर शिरली. कागल तालुक्यातल्या एका गावाहून स्वतःच्या इंजिनावर चालत आलेली. कोल्हापूरच्या माणसाला जुन्या गाडीचं अप्रूप शिकवावं लागत नाही. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते तेव्हा लोक पोरांना खांद्यावर घेऊन उभे असतात. त्यामुळे मी शटर वर करेपर्यंत शेजारचे लेथवाले, फाउंड्रीचे दोघे-तिघे, चहावाला, सगळे गाडीभोवती जमलेले.

गाडी १९५४ची, ८०३ सीसी. दाराच्या मागच्या खांबातून इंडिकेटरचा हात बाहेर येतो, तो अजून चालू. पुढची काच एकसंध नाही, मधे उभी दांडी आणि दोन्ही अंगांना एकेक सपाट काच. १९५६ साली मायनर १००० आली तेव्हा ही दांडी गेली आणि एकच वळणदार काच आली. म्हणून दांडीवाली मायनर दिसली की ती त्याआधीची, हे लांबूनच कळतं.

गाडीबरोबर सत्तरीचे आबा आणि त्यांचा नातू. वीस दिवसांवर नातवाचं लग्न, वरात याच गाडीतून काढायची. नातवानं मोबाईलवर बघून काचेला टूथपेस्ट चोळली होती. ती रबराच्या खोबणीत वाळून चुन्यासारखी बसलेली. टूथपेस्टनं डाग निघतात, रेघ हलत नाही.

आबांनी आल्या आल्या सांगितलं, "हे बघ बाळ, डावी काच कशी बी कर. ती मागनं घातलेली हाय. उजवी मात्र मूळची. आमचं तात्या तिच्यातनंच बघत गाडी हाकायचं. तिला जपून हात लाव."

मी आधी डावीवर नख फिरवलं. सगळे ओरखडे. कोरड्या काचेवर कोरडं फडकं मारलं की पडतात तसे, आणि वर वायपरच्या बारीक कमानी. एकाच ठिकाणी नख किंचित थबकलं. मग उजवीकडे गेलो आणि पहिल्याच कमानीत नख रुतलं. वायपरचं रबर कधीच संपलेलं, पत्र्याची पट्टी उघडी पडलेली, आणि पट्टी नि काच यांच्यामध्ये कित्येक गळीत हंगामांची धूळ. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहस मापावर काच साडेपाचच्या आसपास आणि वाळूतल्या क्वार्ट्झचा सात. वाळूचा एक कण पट्टीखाली अडकला की तो पाऊसभर एकाच वाटेनं काच कोरत राहतो. चालवणाऱ्याच्या बरोबर डोळ्यासमोर हातभर लांबीचा चरा होता, आणि त्याला समांतर अजून दोन.

चरा म्हणजे खड्डा. खड्डा उचलून बाहेर काढता येत नाही, भोवतालची काच त्याच्या तळापर्यंत खाली आणावी लागते. तेवढ्याच पट्टीत घासलं तर तिथं खोलगट भाग तयार होतो, आणि खोलगट काच म्हणजे भिंग. रेघ जाते, पण रस्ता लाटांसारखा हलायला लागतो. दिवसा नुसतं डोकं दुखतं. रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्या खळग्यात पसरला की माणूस दिसत नाही. असं काम मी डोळ्यांसमोरच्या भागात करत नाही. केलं होतं एकदा, धंद्याच्या दुसऱ्या वर्षी, आणि त्या गिऱ्हाइकाला पदरची काच घालून दिली.

आबांना म्हटलं, "आबा, उजवी बदलावी लागणार."

"फुटली न्हाई, तडकली न्हाई. मग का बदलायची?"

"समोरनं गाडी आली की काय दिसतं?"

"मी रात्रीचा चालवतच न्हाई."

"आणि वरात?"

आबा गप्प झाले, पण हो म्हणाले नाहीत. मी दुकानातल्या पोरग्याला आत पाठवून पोलरॉइडचा गॉगल मागवला. काच टफन्ड असेल तर घासताना तापू द्यायची नाही आणि कापायचा तर विचारच सोडायचा, म्हणून कामाला हात घालण्याआधी जात बघून घ्यावी लागते. टफन्ड काच ६०० अंशांच्या वर तापवून दोन्ही अंगांनी गार हवेचे झोत मारून झटक्यात थंड करतात. वरचा पापुद्रा आधी आकसून घट्ट होतो आणि आतला भाग नंतर थंड होताना त्याला ओढून धरतो. हवेच्या झोतांचे ठसे काचेत राहतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण सकाळच्या निरभ्र आभाळाकडे काचेतून पोलरॉइड गॉगल लावून पाहिलं की करडे ठिपके उठतात, चित्त्याच्या अंगावर असतात तसे.

मी गाडीत बसून गॉगल लावला. डाव्या काचेवर ठिपके उठले, ओळीनं, स्वच्छ. उजवीवर काहीच नाही. डोकं तिरकं केलं, गॉगल फिरवून बघितला. कोरी.

लॅमिनेटेड असेल, असं आधी वाटलं. त्यातही ठिपके दिसत नाहीत. पण बोटाच्या पेराने टिचकी मारली तर आवाज बद्द यायला हवा होता, दोन काचांमधली प्लॅस्टिकची पट्टी आवाज खाते. उजवी काच खणखणली, घरातल्या खिडकीसारखी.

मग डाव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात चिकटवलेली जुन्या टॅक्स टोकनची गंजकी चकती पाणी आणि ब्लेड लावून हळूहळू सोडवली. खाली शिक्का निघाला. ट्रिप्लेक्स या इंग्लिश काच कंपनीचा, टफन्ड. इंग्लंडहून गाडीबरोबर आलेली काच.

म्हणजे आबांनी 'कशी बी कर' म्हणून सोडलेली काच मूळची होती, आणि जिला जपायचं ती कुणीतरी इथंच बसवलेली.

मी आबांना लगेच काही बोललो नाही. "उजवी एकदा बाहेर काढून बघू द्या," एवढंच म्हणालो. रबर लाकडासारखं वाळलेलं, ते कापूनच काढावं लागलं. काच हातात आली तशी कड उन्हात धरली. सलग हिरवी, मधे कुठलाही थर नाही. कड हाताने दगडावर घासलेली. साधी खिडकीची काच. मूळच्यापेक्षा मिलीमीटरभर पातळ, म्हणून खोबणीत ढिली पडू नये यासाठी चारी बाजूंना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घातलेल्या. माझ्या अंगावर काटा आला तो त्या पट्ट्यांनी नाही. टफन्ड काच फुटली तर तिचे दाणे होतात, लॅमिनेटेड तडकली तरी जागेवर राहते. साध्या काचेचे सुरे होतात. इतकी वर्षं हे घर त्या सुऱ्यांच्या मागे बसून गावोगाव फिरत होतं.

आबांनी माझ्या हातातली एक पट्टी घेतली. दोन बोटांत ताणून बघितली.

"ही तात्यांची कापणी," ते म्हणाले. "टोकाला अशी तिरकी मारायचं. गावात सायकल-पंक्चर बी तेच काढायचं."

मग बॉनेटला टेकून त्यांनी जे सांगितलं ते त्यांनाच सांगता सांगता आठवत होतं, असं मला वाटलं. जोतिबाच्या यात्रेहून परतताना केर्लीजवळ पुढच्या ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला. आबा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे, तात्यांच्या शेजारी बसलेले. "एका जागी भोक पडलं न्हाई. आख्खी काच पांढरी झाली आणि सांडली. जुंधळं सांडल्यागत. माझ्या मांडीवर ढीग. महिनाभर सीटच्या शिवणीतनं दाणं निघायचं. मी काडेपेटीत भरून ठिवलेलं, हिरं म्हणून. शाळंत न्हेऊन दाखवलं सगळ्यास्नी."

"आणि नवीन काच?"

"तात्या गाडी घिऊन गेलं, दोन दिसांनी काच घालूनच आलं. कुठनं घातली कुणी इचारलं न्हाई. दाणं माझ्या मांडीवर आलं म्हणून माझ्याच अंगाची फुटली, असंच डोक्यात बसलं बघ आजवर."

तात्यांना दोष देण्यासारखं यात काही नाही. त्या काळात कोल्हापुरात मायनरची टफन्ड काच मिळणार कुठे? सपाट काच होती, कुणीही कापून देऊ शकत होता, आणि घरी जायचं होतं. नव्या गाड्यांना पुढची काच लॅमिनेटेडच हवी हे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १०० मध्ये आलं. ते पुष्कळ नंतरचं.

आबांनी ट्यूबची पट्टी खिशात ठेवली आणि म्हणाले, "घाल नवीन."

उजवीचं काम सोपं होतं, सपाट काचेचा हाच फायदा. जुन्या काचेवरून माप न घेता चौकटीचा कागदी फर्मा काढला, कारण सत्तर वर्षांत पत्रा थोडा बसतोच. साधारण साडेसहा मिलीमीटरची लॅमिनेटेड शीट घेतली, दोन्ही अंगांनी हिऱ्याच्या कटरनं रेघ मारून तोडली. मधलं प्लॅस्टिक तुटत नाही. रेघेवर स्पिरिटची धार सोडून पेटवायचं, प्लॅस्टिक मऊ पडलं की फटीतून ब्लेड ओढायचं. कडा पाण्यावर घासल्या. तासाभरात काच तयार.

दिवस गेला तो डावीवर. सकाळी ती बिनमहत्त्वाची होती, आता तिच्याकडे बघताना माझाच हात जड झाला. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करायची फ्लोट पद्धत पिल्किंग्टन या इंग्लिश कंपनीनं १९५९ साली जाहीर केली. त्याआधी चांगली सपाट काच हवी असेल तर ओतलेल्या काचेची दोन्ही अंगं वाळूनं घासायची आणि रूज नावाच्या तांबड्या पुडीनं पॉलिश करायची. म्हणजे ही काच जन्मतःच घासून चकचकीत केलेली होती. त्या कारखान्यातल्या कारागिरानंतर तिला पॉलिशचा हात लावणारा बहुतेक मीच.

गाडीला कागद नि टेप लावून झाकलं. काचेच्या आतल्या बाजूनं मार्करनं प्रत्येक ओरखड्याभोवती गोल केले, कारण पूड लागली की बाहेरून काही दिसत नाही. पूड म्हणजे सेरियम ऑक्साइड, चष्म्याची भिंगं पॉलिश करतात तीच. मला ती लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या चष्मेवाल्यानं ओळखीची करून दिली, आणि फेल्टचं चाक मी हुपरीहून आणतो, चांदीला पॉलिश करणाऱ्यांकडून. पूड पाण्यात ताकाएवढी पातळ करायची. ती नुसती घासत नाही. पाण्याबरोबर काचेचा वरचा पापुद्रा मऊ करते आणि मग तो नेते. म्हणून पाणी सुटता कामा नये आणि मशीन जोरात फिरता कामा नये. पोरगा आत बसून काचेला पाठीमागून तळहात लावून होता. "कोमट," तो म्हणायचा, की मी चाक उचलायचो आणि पाण्याचा फवारा मारायचो. "गरम" हा शब्द आमच्याकडे चालत नाही, तिथवर जायचंच नाही.

दर वीस मिनिटांनी धुवून मी सीटवर बसायचो आणि समोरच्या खांबावरच्या विजेच्या तारेकडे बघत मान सावकाश डावीकडून उजवीकडे न्यायचो. तार सरळ राहिली तर पुढे. एकदा दांडीजवळ तार केसाएवढी थरथरल्यासारखी वाटली. तिथं थांबलो आणि तो भाग पुन्हा धरला नाही. घासायचं ते ओरखड्यापुरतं नाही, त्याच्या भोवती वीतभर पसरत पसरत न्यायचं, म्हणजे उतार डोळ्याला कळत नाही. पाच तास लागले. चहा तीनदा गार झाला.

सगळे ओरखडे गेले. नख थबकलं होतं ती एक रेघ राहिली, करंगळीएवढी, खालच्या कोपऱ्यात, शिक्क्याच्या वर. टॉर्च तिरका धरला की दिसते. मी अजून अर्धा तास घातला असता तर कदाचित गेली असती, पण शिक्क्याची अक्षरं पुसट झाली असती. आबांना दाखवून विचारलं. त्यांनी स्वतः नख फिरवलं, सकाळी मला बघितलं होतं तसं.

"जरासं अडकतंय," ते म्हणाले. "असू दे."

नवीन रबर साबणाच्या पाण्यात भिजवून काचेभोवती चढवलं, खोबणीत नायलॉनची दोरी घातली. पोरगा बाहेरून तळहातांनी दाबत होता, मी आतून दोरी ओढत होतो, आणि रबराची कड इंच इंच करत पत्र्यावर बसत गेली. वायपरला नवी रबरं घातली. नातवाला बजावलं, कोरड्या काचेवर वायपर फिरवायचा नाही, आधी पाणी.

दिवेलागणीला रंकाळ्यापर्यंत एक चक्कर मारली. चालवायला नातू, मी मागे. आबांनी उजवीकडे बसायला नकार दिला आणि डाव्या सीटवर बसले, शाळेत असताना बसायचे तिथं. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे दोन्ही काचांतून टोकदार येत होते, पसरत नव्हते. आबा दिव्यांकडे बघत नव्हते. त्यांचं लक्ष खाली कोपऱ्यातल्या शिक्क्यावर होतं.

परत आल्यावर जुनी साधी काच मी भंगारात टाकायला बाजूला काढली होती. आबांनी ती मागितली. चरे असलेली बाजू आत करून आम्ही ती वाकळेत गुंडाळली आणि मागच्या सीटखाली आडवी सरकवली.