आमची वाटचाल: बंदरातल्या गाळापासून पाणसुरुंगांपर्यंत

आमची सुरुवात बंदरांच्या कामातून झाली. गाळ काढण्याआधी आणि काढल्यानंतर तळाची खोली मोजून तिचा नकाशा द्यायचा, एवढंच काम. नौदलाच्या कामात आम्हाला वाव मिळाला तो या नकाशांच्या सवयीमुळेच.

१९९१ च्या आखाती युद्धात ट्रिपोली आणि प्रिन्स्टन या अमेरिकी युद्धनौकांना एकाच दिवशी पाणसुरुंगांचा तडाखा बसला. २००३ साली इराकच्या उम्म कस्र बंदराकडे जाणारा मार्ग तपासताना मात्र रेमस नावाची छोटी स्वायत्त, म्हणजे माणसाशिवाय पाण्याखाली स्वतःहून चालणारी, वाहनं सुरुंग शोधायला उतरवली गेली. दोन माणसांना उचलता येईल असं हे यंत्र! त्याबद्दल वाचून आम्ही ठरवलं, वाहनं बनवणारे बनवतील, आपण त्यांनी आणलेला डेटा वाचायचा.

हे वाचन सोपं नाही. वाहनावरचा सोनार ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीतून तळाचं चित्र उमटवतो. या चित्रात वस्तूपेक्षा तिची सावली, म्हणजे तिच्यामागे ध्वनी न पोहोचलेला काळा भाग, जास्त सांगते. दगडाची सावली वेडीवाकडी पडते, दंडगोल सुरुंगाची कड सरळ येते. पण बुडालेलं पिंपही अगदी तसंच दिसतं. म्हणून संशयित वस्तूवरून वाहन वेगळ्या दिशेने पुन्हा न्यावं लागतं. त्यात पाण्याखाली जीपीएस चालत नाही. वाहन तळावर ध्वनी सोडून स्वतःचा वेग मोजतं आणि त्यावरून जागेचा हिशेब ठेवतं. हा हिशेब हळूहळू सरकतो, तेव्हा दोन फेऱ्यांतली वस्तू एकच आहे ना, हे आधी ताडून पाहावं लागतं. नव्या सहकाऱ्याला आम्ही पहिल्यांदा बंदरांचा जुना डेटाच देतो. टायर, नांगर, साखळ्या ओळखता आल्या की मगच सुरुंग.

आमचं ठाम मत आहे की सुरुंगशोधाचं निम्मं काम शांततेच्या काळातच होतं. जहाजमार्गाचा तळ आधीच नोंदवलेला असेल, तर संकटात फक्त नवीन काय आलं ते शोधायचं. नाहीतर प्रत्येक दगड संशयित. पण धोका नसताना सर्वेक्षणासाठी पैसे मंजूर करून घेणं फार जड जातं. आमच्या बहुतेक बैठका यातच गेल्या. आता काही ग्राहक ठरावीक मुदतीने फेरसर्वेक्षण करून घेतात.

सध्या आम्ही वादळानंतरच्या नकाशांवर काम करतोय. वाळू सरकते, जुन्या वस्तू उघड्या पडतात, काही गाडल्या जातात. गाडलेल्यांसाठी कमी कंप्रतेचा (फ्रिक्वेन्सीचा) सोनार लागतो, आणि त्याची चित्रं वाचायला आमची टीम सध्या शिकते आहे.