गोव्याला जायला नऊ दिवस का लागतात

दर डिसेंबरात हा प्रश्न येतो. जिन्यात येतो, ऑफिसात डबा उघडल्यावर येतो, आणि साडूच्या घरी तर पाण्याचा ग्लास हातात पडायच्या आत येतो. "पुण्यातून पहाटे निघालं की संध्याकाळी आपण पणजीत. तुम्हाला नऊ दिवस कसे लागतात हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सांगून टाकतो. फक्त मध्येच "अहो, पण आंबोलीवरून..." असं म्हणायचं नाही. आंबोली मला माहीत आहे.

आजवर मी सगळ्यांना एकच उत्तर देत आलो. किनाऱ्याने जायचं तर खाड्या आडव्या येतात. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, अशी चार ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते, म्हणून वेळ लागतो. लोक मान डोलावतात, विषय संपतो. पण हिशेब करणारा एखादा निघतोच. फेरीबोट पलीकडे जायला फार तर अर्धा तास घेते. चार खाड्यांचे दोन तास झाले. उरलेले आठ दिवस बावीस तास कुठे गेले?

मग ऐका. पूर्वी मी हाच प्रवास चार दिवसांत केलेला आहे. आणि तोही कसा? मी कारखान्यात उत्पादनाचं नियोजन करतो. कुठलं मशीन किती वाजता मोकळं होणार हे सांगायचा मला पगार मिळतो. तेव्हा २०१६ च्या मार्चमध्ये घरच्यांना कोकण दाखवायचं ठरलं तसा मी एक्सेलचा तक्ताच केला. चार दिवस, तेवीस ठिकाणं. मुरूड जंजिरा साडेनऊ ते अकरा. दिवेआगर, जेवणासकट, सव्वा तास. हरिहरेश्वर चाळीस मिनिटं. प्रत्येक ओळीपुढे किलोमीटर, आणि शेवटच्या रकान्यात "राखीव वेळ", तो बहुतेक ठिकाणी शून्य. दुसऱ्या दिवसापुढे मी "सूर्योदय, समुद्रकिनारा" असं लिहिलं होतं. आईने तक्ता हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाली, "अरे, इकडे सूर्य डोंगरातून येतो. समुद्रात मावळतो." मी "सूर्योदय" खोडून "ड्राइव्ह" लिहिलं. वेळ तीच ठेवली. पावणेसहा.

हे वाचून तुम्हाला मी मूर्ख वाटलो असेन. मला तसं वाटत नाही, निदान पूर्णपणे वाटत नाही. वर्षाला सुट्ट्या किती, आईचं वय किती, मुलाची दहावी कधी, हे सगळं त्या तक्त्यामागे होतं. पुन्हा येणं होईल न होईल, मग जमेल तेवढं दाखवून घ्यावं, ही काही वाईट इच्छा नव्हे. आजही कोणी चार दिवसांत कोकण करून आलं की मी हसत नाही. माझी बायको हसते, माझ्याकडे बघून.

पहिल्या दिवशीच तक्ता कोलमडला. जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्यांना शनिवारची रांग होती. आईची एकादशी, तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी शोधण्यात पाऊण तास गेला. मी तो तास मनातल्या मनात तीनदा मोजला आणि एकदा मोठ्यानेही बोलून दाखवला. रात्री साडेआठला आम्ही एका गावात पोचलो. गावाचं नाव सांगत नाही. रत्नागिरी जिल्ह्याचं उत्तर टोक, एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला, अंधारात, मी गाडी पुळणीवर उतरवली.

का उतरवली? सगळे उतरवतात म्हणून. ओल्या वाळूवर गाडी रस्त्यासारखी पळते, असे व्हिडिओ मी पाहिले होते. मुलगा पुढे बसून मोबाइलवर चित्रण करत होता, आई आणि बायको मागे. वरची सुकी वाळू पार केली, खाली घट्ट वाळूवर आलो, पाचशे मीटर खरंच मजेत गेलो. मग वळून परत येताना पुढचं डावं चाक बसलं. मी काय करावं? अॅक्सिलरेटर दाबला. वाळूत रुतलेल्या गाडीला जे कधीच करू नये ते नेमकं चार वेळा केलं. गाडी पोटावर बसली.

समुद्र तेव्हा बराच लांब होता. मला वाटलं ओहोटी आहे, वेळ आहे. मग उजाडायला लागलं तसं मुलगा म्हणाला, "बाबा, मघाशी तो दगड कोरडा होता."

किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडून एक गृहस्थ येत होते. साठीचे असतील. अंगात बनियन, हातात एक काठी, मान खाली. मला वाटलं आमच्याकडेच येताहेत, म्हणून मी हात केला. ते आमच्याकडे येत नव्हते, वाळूत काहीतरी बघत चालले होते. जवळ आल्यावर त्यांनी गाडीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज बारस. नऊला भरती. सातला पाणी इथे येईल." आणि ट्रॅक्टर आणायला गावाकडे वळले. ओरडले नाहीत, "गाडी कशाला घातलीत" असंही विचारलं नाही.

बारशीचा आणि नऊचा संबंध मला कळला नाही. आईला लगेच कळला. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. बारा पाउणे नऊ. हा हिशेब तिने तिच्या आजोळी ऐकलेला होता. आदल्या दिवशीची एकादशी गाडीत माझ्या शेजारी बसून आली होती, तिच्या खिचडीवरून मी चिडलो होतो, आणि आज तिथी कुठली हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. तक्त्यात तारीख होती, वार होता, तिथी नव्हती.

ट्रॅक्टर आला. टायरमधली हवा कमी केली, चाकांखाली नारळाच्या झावळ्या घातल्या, दोर बांधला. एकदा दोर तुटला. पाणी मागच्या चाकांना लागलं होतं. पावणेसातच्या सुमारास गाडी निघाली आणि वरच्या कोरड्या वाळूवरून ओढत, वाकडीतिकडी, तिला रस्त्याला लावलं. मी ट्रॅक्टरवाल्याला पैसे दिले. त्या गृहस्थांना देऊ लागलो तर ते म्हणाले, "ते राहू दे. गाडी निघाली. आता आमचं बघतो." आणि काठी घेऊन परत पुळणीवर गेले.

मी मागोमाग गेलो. का गेलो कोण जाणे, आभार नीट मानायचे राहिले होते असं वाटलं असेल.

ते कासवमित्र होते. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वर येते, भरतीच्या रेषेच्या वर वाळूत खड्डा करते, शंभरएक अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परत जाते. वरून काही दिसत नाही. दिसतो तो तिचा माग, येतानाचा आणि जातानाचा. पहाटे फिरून हा माग शोधायचा, तो जिथे संपतो तिथे काठीने टोचत भुसभुशीत जागा चाचपायची, अंडी काढून कुंपणातल्या सुरक्षित खड्ड्यात पुरायची. मग दीड-दोन महिन्यांनी पिल्लं. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने हे काम सुरू केलं आणि पुढे ते किनाऱ्यावरच्या गावोगावी गेलं. त्याआधी अंडी सरळ चोरीला जायची. हे सगळं मला नंतर कळलं. वेळास माझ्या तक्त्यात होतं: "कासव, तीस मिनिटं."

त्या सकाळी त्यांनी मला फक्त काठीने दाखवलं. खालून एक माग वर येत होता, दोन्ही बाजूंना वल्ही मारल्यासारख्या खुणा. निम्म्यावर येऊन तो संपला होता. पुढे माझ्या चाकांच्या खुणा होत्या, उतरतानाच्या आणि मी पुढेमागे केल्याच्या, आणि त्यांच्यावर ट्रॅक्टरच्या, दोर ओढल्याच्या. चांगला पंधरा-वीस पावलं रुंद चिखल. त्याच्या पलीकडे काही नाही.

ते टोचत राहिले. मीही एक काठी घेतली, त्यांनी ती परत घेतली. "अंडी फुटतील," म्हणाले. नऊ वाजले, भरती आली, आई गाडीत बारशीचं पारणं फेडायची वाट बघत बसली होती. मी विचारलं, "नाही मिळालं तर?"

"मिळालं तर मिळालं. नाहीतर कोल्हा शोधील."

मी कासवावर गाडी घातली नाही, हे स्पष्ट करतो, कारण बायको गोष्ट सांगताना ते वाक्य गाळते. आणि तो ट्रॅक्टर तर त्यांनीच आणला होता. ही दोन वाक्यं मी इतक्या वर्षांत इतक्यांदा मनात म्हटली आहेत की आता ती पाठ झाली आहेत, पण त्यांचा उपयोग काही होत नाही.

त्यानंतर तीन वर्षं मी किनाऱ्याकडे फिरकलो नाही. मग गेलो तो नऊ दिवसांचा. आता आधी पंचांग उघडतो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच, कारण देवळामागच्या पायऱ्या उतरून खडकांवरून जावं लागतं आणि भरतीला तिथे जीव जातात. हेदवीच्या बामणघळीत मात्र भरतीलाच जायचं, तेव्हाच ते पाणी कपारीत शिरून वर उसळतं. म्हणजे एका ठिकाणी पाणी उतरेपर्यंत थांबायचं आणि दुसऱ्या ठिकाणी चढेपर्यंत. दिवसाला दोन ठिकाणं, साठ-सत्तर किलोमीटर, बस्स.

विजयदुर्गाला मी पूर्ण एक दिवस देतो. तिथले "साहेबाचे ओटे" दाखवून प्रत्येक जण सांगतो की लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८६८ च्या सूर्यग्रहणात इथे हेलियम शोधला. मीही चार दिवसांच्या प्रवासात मुलाला तेच सांगून वीस मिनिटांत खाली उतरलो होतो. तसं झालेलं नाही. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडात होता, आणि सूर्याच्या वर्णपटातली, हेलियमची ती पिवळी रेषा त्याने तिथूनच, ग्रहण नसताना पाहिली. विजयदुर्गला तो आला १८९८ च्या जानेवारीत, दुसऱ्या खग्रास ग्रहणासाठी. चुकीचं सांगितलं हे मला कळलं ते सवडीने वाचल्यावर, पण मुलगा तोवर कॉलेजात गेला होता.

काशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मात्र एक अख्खी दुपार उन्हात काढली, आणि तिचं समर्थन मी करणार नाही. कातळात कोरलेला अठरा मीटरच्या आसपास लांबीचा हत्ती, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. उभं राहून दिसतच नाही, नुसत्या रेघा. भोवती फिरत राहावं लागतं. सोंड हाती लागायला मला पाऊण तास लागला, कान अजून लागलेला नाही.

पण मला शांत प्रवासाचा प्रचारक समजू नका. बायको म्हणते, "तुला प्रायश्चित्त करायचं असेल तर एकटा जा, नऊ दिवसांचं भाडं मी का भरू?" तिचं खोटं नाही. तक्ता मी अजून करतोच, फक्त आता त्यात तिथीचा रकाना असतो आणि "राखीव वेळ" फार मोठा. वेळासला दोन दिवस थांबून एकही पिल्लू निघालं नाही, तेव्हा मी चिडलोच की. आणि मी हळू गेलो म्हणून किनाऱ्याचं काही भलं झालं असंही नाही. माझ्याकडून ऐकून ज्या चार-पाच घरांनी तिकडे जायचं ठरवलं, त्यांतल्या एकाने मला पुळणीवर गाडी पळवल्याचा व्हिडिओ कौतुकाने पाठवला.

माझाही व्हिडिओ आहे. मुलाच्या जुन्या मोबाइलमधून मी तो काढून ठेवला. एक्कावन्न सेकंदांचा. अंधार, हेडलाइटचा उजेड, वाळू, मागून आईचा आवाज, "हळू रे." विसाव्या सेकंदाला उजेडात वाळूवर काहीतरी आडवं येतं, दोन्ही बाजूंना खुणा असलेलं, आणि गाडी त्यावरून जाते. मुलगा म्हणतो, ती होडी ओढल्याची खूण आहे. मी थांबवून, मोठं करून पाहतो. मोठं केलं की चित्र फुटतं.