गवत कापलंत, पण काढलं कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न बहुतेक वेळा एकाच चालीत येतो: "झाड लावून दोन वर्षं झाली. पाणी देतो, खत देतो, आजूबाजूचं गवत दर पंधरवड्याला कापतो. तरी झाड आहे तिथेच. मुळाशी थोडं गवत असलं तर एवढं काय बिघडतं?"

खूप बिघडतं, आणि कापल्याने ते थांबत नाही. नव्या झाडाची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं वरच्या वीत-दीड वीत मातीत असतात. गवताचं जाळंही नेमकं तिथेच, पण कितीतरी दाट. तुम्ही ओतलेलं पाणी आधी त्या जाळ्यातून गाळून निघतं, उरलंसुरलं झाडाला. गवत कापलं की ते लगेच नवे फुटवे काढतं, आणि त्या फुटव्यांना पुन्हा पाणी आणि नत्र लागतंच. म्हणजे वरून नीटनेटकं दिसलं तरी खालची ओढाताण तशीच राहते. खत टाकल्यावर गवत काळपट हिरवं झालं आणि झाडाची नवी पानं मात्र लहान, फिकी निघाली, तर खत कोणी खाल्लं ते वेगळं शोधायला नको.

सगळं गवत काढायची गरज नाही. बुंधा मध्यावर धरून किमान १ मीटर व्यासाचं वर्तुळ, जमलं तर १.२ मीटरचं, पहिली तीन वर्षं तणमुक्त ठेवायचं. बहुतेकांचं आळं ताटाएवढं असतं. त्याने पाणी वाहून जात नाही इतकंच, गवत मात्र मुळांच्या डोक्यावर कायम असतं.

खुरपणीची वेळ महत्त्वाची. बी पडून उगवलेलं तण दोन-चार पानांवर असताना खुरप्याचं पातं जमिनीला जवळजवळ आडवं धरून २-३ सेंटीमीटर खोलवर फिरवलं की काम झालं. कोरडी, उन्हाची सकाळ निवडा, म्हणजे कापलेलं तण तासाभरात कोमेजतं. ओल्या मातीत तेच परत मूळ धरतं. त्याहून खोल जायचं नाही. एक तर झाडाची बारीक मुळं तुटतात. शिवाय खाली गाडलेलं तणाचं बी वर येतं, त्याला उजेड मिळतो आणि दोन आठवड्यांत पहिल्यापेक्षा दाट गालिचा उगवतो. "जितकं खणावं तितकं तण वाढतं" ही तक्रार खरीच आहे. मोठं झालेलं तण उपटायचं असेल तर मात्र उलट, वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, उपटा. कोरड्या मातीत शेंडा हातात येतो आणि मूळ आतच राहतं.

आता खरी डोकेदुखी: हरळी आणि लव्हाळा. दोघांना एकच औषध नाही, म्हणून आधी ओळख पटवा. फुलाचा दांडा चिमटीत धरून फिरवा. तीन धारा बोटांना लागल्या तर लव्हाळा. हरळीची काडी गोल आणि पेरापेरांची, जमिनीवर धावत जाणारी, आणि टेकलेल्या पेराला मूळ फुटणारी.

हरळीत प्रत्येक पेर म्हणजे एक रोप. कुदळीने तुकडे करणं म्हणजे तिची लागवडच. खणायच्या काट्याने माती सैल करून लांब दोरे सावकाश ओढून काढायचे आणि बाहेर उन्हात पूर्ण वाळवायचे. ओल्या कंपोस्टच्या ढिगावर टाकले की ढिगातच फुटतात. वर्तुळ साफ झाल्यावरही ती बाहेरून परत सरकते. त्यासाठी कडेने फावड्याच्या पात्याने १०-१५ सेंटीमीटर खोल चर पाडून ठेवा आणि पावसाळ्यात दर महिन्याला तो पुन्हा कापा.

लव्हाळ्याचं घर जमिनीत आहे. एक रोप मुळासकट, माती न झटकता उचलून बघा: तारेसारख्या काळ्या दोऱ्यावर ओवलेल्या गाठी दिसतील, एकामागे एक. शेंड्याकडची गाठ जिवंत असते तोवर मागच्या बऱ्याचशा झोपलेल्या राहतात. तुम्ही वरचा शेंडा हिसकला की दोरा तुटतो आणि मागच्या जाग्या होतात. लागवडीआधी काट्याने खणून, चाळून गाठी वेचता येतात. झाड लावल्यानंतर ते शक्य नाही. मग दर दोन आठवड्यांनी कोंब जमिनीलगत कापत राहायचं. नवी पानं गाठींना अन्न परत पाठवायला लागण्याआधीच ती गेली पाहिजेत. दोन पाळ्या चुकल्या की गाठी पुन्हा भरतात आणि मागची मेहनत वाया जाते. सावलीत मात्र दोघंही दुबळे पडतात.

बाकी सगळ्या तणांसाठी आच्छादनासारखं दुसरं काही नाही, पण ते पुरेसं जाड हवं. वर्तुळ भरपूर भिजवा, गवत अगदी जमिनीलगत कापा, चिकटपट्ट्या काढलेला साधा पुठ्ठा एकमेकांवर १५ सेंटीमीटर चढवून अंथरा आणि तोही भिजवा. वर ८ सेंटीमीटर वाळका पाला किंवा लाकडाचे जाडसर तुकडे. १.२ मीटरच्या वर्तुळाला साधारण ९० लिटर माल लागतो, म्हणजे १५ लिटरच्या सहा बादल्या. लोक एक बादली पसरतात; तिचा थर जेमतेम सव्वा सेंटीमीटर होतो, त्यातून उजेड आरपार जातो, आणि मग "आच्छादनाचा उपयोग होत नाही" असं ठरतं. पाला बसला की भर घालत राहा. ताजं कापलेलं गवत वापरायचं तर २-३ सेंटीमीटरच्या थराने, आधीचा वाळल्यावर पुढचा. एकदम ढीग घातला तर तो तापतो, बुळबुळीत होतो आणि पाणी अडवतो. भुसा मातीत मिसळू नका, तो कुजताना नत्र ओढून घेतो. वर पसरलेल्याची तितकी भीती नाही.

आणि बुंध्याला टेकवून ढीग रचू नका. सभोवार १० सेंटीमीटर मोकळं ठेवा. टेकलेल्या ओलसर पाल्याखाली साल कुजते, वाळवी लागते, आणि उंदीर आडोशाला बसून साल कुरतडतात ते बाहेरून दिसतही नाही.

प्लास्टिकच्या विणलेल्या चटईबद्दल माझं मत चांगलं नाही. पहिलं वर्ष झकास जातं. मग वर धूळ साचते, त्यात तण उगवतं आणि त्याची मुळं विणीत अशी गुंततात की उपटताना चटईच उचलली जाते. मिठाचं पाणी तर नकोच, मीठ मातीत राहतं आणि झाडालाही भोवतं.

तणनाशकाच्या फवारणीचं विचारणारे पुष्कळ असतात. ग्लायफोसेट मुळापर्यंत जातं हे खरं, पण ते फक्त तणाच्या पानातून जात नाही. कोवळ्या झाडाची हिरवी साल आणि बुंध्याजवळचे फुटवेही ते शोषतात. दुसऱ्या हंगामात पानं अरुंद, सुईसारखी आणि झुपकेदार निघाली तर संशय तिथेच घ्यावा. टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक रुंद पानांच्या तणासाठी असतं, आणि तुमचं झाडही बहुधा रुंद पानांचंच. एक मीटरच्या वर्तुळासाठी हा धोका पत्करण्यात मला अर्थ दिसत नाही. खुरप्याने ते पंधरा मिनिटांचं काम आहे.

शेवटी गवत कापायचं दोरीचं कटर. वाढ खुंटलेल्या झाडाचा बुंधा जमिनीपासून चार बोटं वर नीट बघा. सालीवर आडव्या, जुळत आलेल्या खुणा असतील तर गवताहून मोठं कारण सापडलं. नायलॉनची दोरी कोवळी साल क्षणात कापते, आणि पानांतलं अन्न मुळांकडे नेणारा थर त्या सालीतच असतो. खूण गोल फिरून बंद झाली की मुळं उपाशी राहतात, झाड वरून काही महिने हिरवं दिसतं आणि मग एका उन्हाळ्यात बसतं. साफ वर्तुळ असलं की दोरीला तिथे यायचं कारणच उरत नाही. तिसऱ्या वर्षानंतर फांद्यांची सावली वर्तुळावर पडायला लागली की बाहेरच्या कडेने गवत येऊ द्या. बुंध्याभोवतीची दोन वीत जागा मात्र मोकळीच ठेवा.