२५ के६, ओके

आज ६२०५ बेअरिंगच्या शाफ्टचा फिट (दांडा बेअरिंगमध्ये किती घट्ट बसवायचा ते) शोधायला डिझाइनच्या तीन जुन्या वह्या उलटसुलट केल्या. पानावर सापडलं एवढंच: "२५ के६, ओके". म्हणजे २५ मिमीचा शाफ्ट, आणि के६ ही त्याच्या मापाची ठरलेली टॉलरन्स, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल ते. ओके म्हणजे काय? लोड किती, फिरतंय कोण, आतली रिंग की बाहेरची?

आकड्याशेजारी कारण हवंच, एका ओळीत का होईना: "शाफ्ट फिरतो, म्हणून आतली रिंग घट्ट, के६ (+२ ते +१५ मायक्रॉन). हाउसिंग ५२ एच७, बाहेरची रिंग सरकती." (हाउसिंग म्हणजे बेअरिंग बसतं ते घर, एच७ ही त्याच्या ५२ मिमी भोकाची टॉलरन्स.) उद्या हाउसिंग फिरणारं असेल तर हा फिट जसाच्या तसा उचलायचा नाही, हे त्या ओळीवरूनच कळतं. बाद केलेला पर्यायही कारणासकट लिहावा आणि खोडताना एकच रेघ मारावी, खाली वाचता आलं पाहिजे. नाहीतर सहा महिन्यांनी तोच घोळ नव्याने.

पानांना नंबर घाला, शेवटची चार पानं सूचीसाठी कोरी ठेवा. सूची भागाच्या नावाने करा, प्रोजेक्टच्या नाही. कोणता भाग कुठल्या प्रोजेक्टात होता ते कुणाच्या लक्षात राहतंय!

पानाचा फोटो काढला की लगेच नाव द्या: "२०२५-०३-१२ बेअरिंग ६२०५ फिट". वर्ष आधी, म्हणजे फाइली आपोआप तारखेने लागतात. व्हॉट्सॲपवर टाकायचा तर डॉक्युमेंट म्हणून. साधा फोटो पाठवताना कॉम्प्रेस होतो, आणि पेन्सिलीने लिहिलेल्या ०.०१५ मधला दशांशाचा ठिपकाच उडतो.