औषधाने बाळाच्या हृदयाचा स्नायू वाढतो का?

"डॉक्टर, एका जुन्याच औषधाने हृदयाचा स्नायू वाढतो असं वाचलं. मग ऑपरेशन टळेल का?" 'टेट्रालॉजी ऑफ फॅलॉट' हा हृदयाचा जन्मजात दोष असलेल्या बाळांचे आईवडील मला हे सारखं विचारतात. ऑपरेशन टळणार नाही. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र औषधाने बुजत नाही आणि फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट त्याने कायमची मोकळी होत नाही. पण तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, आणि मला त्याबद्दल मनापासून आशा वाटते.

या आजारात उजवा खालचा कप्पा अडथळ्याशी झुंजून आधीच जाड झालेला असतो. त्या जाडीत भर घालून काही साधत नाही. कमी पडतात त्या स्नायूपेशी. पेशी विभागताना आधी केंद्रक दुप्पट होतं आणि शेवटी पेशी मधोमध तुटून दोन होतात. फॅलॉटच्या बाळांमध्ये ही शेवटची पायरीच जास्त वेळा फसते. केंद्रकं दोन, पेशी मात्र एकच, आणि अशी पेशी पुढे सहसा विभागत नाही. ऑपरेशन उत्तम होऊनही यातल्या काही मुलांचं हृदय मोठेपणी थकतं, त्यामागे पेशींचा हा तुटवडा असू शकतो.

पिट्सबर्गच्या बर्नहार्ड क्यून यांच्या गटाने २०१९ मध्ये यामागचं एक कारण दाखवलं. अ‍ॅड्रेनालिनसारख्या संप्रेरकांचा संदेश पेशीवरच्या 'बीटा रिसेप्टर' या ग्राहकातून आत जातो आणि विभाजन पूर्ण करणारा 'ईसीटी-२' हा जनुक दबतो. तो संदेश अडवणारं औषध आपल्याकडे कधीचंच आहे: प्रोप्रानोलॉल. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं. नवजात उंदरांना ते दिल्यावर हृदयातल्या स्नायूपेशी वाढल्या, आणि मोठेपणी हार्ट अटॅक आल्यावर त्यांची हृदयं जास्त तग धरून राहिली. फॅलॉटच्या बाळांच्या पेशीही प्रयोगशाळेत या औषधाने विभागल्या.

"मग आजच सुरू करा ना!" हा पुढचा आग्रह. निळं पडण्याचे झटके येणाऱ्या बाळांना आम्ही प्रोप्रानोलॉल देतोच. पण झटके टाळणं वेगळं आणि पेशी वाढवणं वेगळं. माणसाच्या बाळात किती डोस, किती दिवस आणि त्याचा वीस वर्षांनी फायदा होतो का, हे सिद्ध झालेलं नाही. औषध जुनं असल्याने त्याचे धोके आम्हाला ठाऊक आहेत, हा मोठा आधार. पण धोके आहेतच. ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, दम्यासारखी धाप लागू शकते. सगळ्यात जास्त जपावं लागतं ते रक्तातल्या साखरेला. बाळ दूध नीट घेत नसेल, उलट्या करत असेल, तर साखर झपाट्याने उतरते. बाळ घामेजतं, मलूल होतं. म्हणून असं काही दिसलं तर पुढचा डोस देण्याआधी, रात्र असली तरी, आम्हाला फोन करा. मनाने सुरू करू नका, मनाने एकदम बंदही करू नका.

मोठ्या मुलांसाठी मी ही आशा दाखवत नाही. पेशी जोमाने विभागतात त्या तान्हेपणी.

एक मात्र आत्ताच करता येतं. ऑपरेशनमध्ये वाट अडवणारा थोडा स्नायू बहुतेकदा कापून काढावा लागतो. तो संशोधनासाठी देता का, असं कुणी विचारलं तर लगेच नाही म्हणू नका. कागद वाचा, शंका विचारा, मग ठरवा. फॅलॉटच्या बाळांच्या पेशींबद्दल कळलं ते अशाच तुकड्यांमधून.