तुम्ही विचारलंत म्हणून: गिऱ्हाइकालाच भाव का विचारत नाही?

एखाद्या वस्तूसाठी लोक किती पैसे मोजायला तयार आहेत, हे शोधून देणं माझं काम. बचत गटांच्या बायका, नव्यानं लोणची-मसाले विकायला घेतलेली मुलं, घरी माझा भाऊ, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "एवढा खटाटोप कशाला? गिऱ्हाइकालाच विचारायचं, किती देणार म्हणून!"

सुरुवातीला मी तेच करायचे. सांगलीकडचा एक गट थालीपिठाची भाजणी करतो. पुण्यातल्या एका सोसायटीत आम्ही गरम थालीपीठ, वर लोण्याचा गोळा, असं वाढलं आणि विचारलं, अर्ध्या किलोच्या पाकिटाला किती द्याल? "दीडशे तरी हवेतच." "इतकी खमंग आहे, दोनशेही देऊ." भाजणी करणाऱ्या काकू समोरच तव्यापाशी उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर "शंभराच्या वर नाही देणार" असं कोण म्हणेल? पुढच्या रविवारी १८० रुपये लावून विक्री केली. संध्याकाळी बहुतेक पाकिटं परत पोत्यात भरून काकू एसटीत बसल्या. ते पोतं त्यांच्या डोक्यावर देताना मला काय वाटलं ते आजही आठवतं.

खोटं कुणीच बोललं नव्हतं. पण तोंडानं आकडा सांगायला पैसे पडत नाहीत, म्हणून माणूस भिडेखातर वाढवून सांगतो. आणि आपल्या उत्तरावरून भाव ठरणार असं वाटलं, की तोच माणूस घासाघीस करतो.

यावर १९६४ साली गॉर्डन बेकर, मॉरिस डिग्रूट आणि जेकब मार्शाक या तिघांनी एक रीत मांडली. मी ती स्टीलचा डबा घेऊन करते. डब्यात ८० पासून २०० पर्यंत, दहा-दहाच्या फरकानं घडी घातलेल्या चिठ्ठ्या. तुम्ही आधी सांगायचं, जास्तीत जास्त किती द्याल. मग चिठ्ठी काढायची. चिठ्ठीवरचा आकडा तुमच्या आकड्याएवढा किंवा कमी असेल, तर चिठ्ठीवरच्या भावानं पाकीट घ्यायचंच, रोख देऊन. जास्त निघाला, तर पाकीट नाही.

समजा तुमच्या मनात १४० आहेत. तुम्ही १२० सांगितलेत आणि चिठ्ठी १३० ची निघाली, तर आनंदानं घेतलं असतंत ते पाकीट हातचं जातं. १७० सांगितलेत आणि १६० ची निघाली, तर मनाविरुद्ध वीस रुपये जास्त जातात. तुमचा आकडा भाव ठरवत नाही, घ्यायचं की नाही एवढंच ठरवतो. म्हणून खरं सांगण्यातच तुमचा फायदा.

हे ऐकून पटत नाही, करून पटतं. म्हणून आधी साबणाच्या वडीवर सराव घेते. उत्तर घानाच्या खेड्यांत पाण्याच्या फिल्टरसाठी संशोधकांनी हीच रीत वापरली आहे, त्यामुळे ही शिकलेल्यांचीच गोष्ट आहे असं कुणी मला सांगू नये.

त्याच भाजणीसाठी दुसऱ्या वसाहतीत डबा मांडला. २४ बायका आल्या. एकीनं आधी १६० सांगितले, पर्स उघडली, आतल्या नोटा बोटानं चाळल्या आणि म्हणाली, "१३० लिहा." मला हवा असतो तो हा क्षण. दुसरीनं ९० सांगितले, चिठ्ठी निघाली १०० ची. "दहा रुपयांनी काय होतंय, द्या की!" काकूंचा हात पाकिटाकडे गेलासुद्धा. मी नाही म्हटलं. काकू रागावल्या, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला कुणाला आवडेल? पण तेव्हा पाकीट दिलं असतं, तर रांगेतल्या सगळ्यांनी कमी सांगून नंतर दहा वाढवले असते. डबा घासाघीस करत नाही, हे बघितल्यावर मागच्या बायका थांबून, विचार करून आकडे सांगू लागल्या.

भाव शोधायची चार प्रश्नांचीही एक पद्धत आहे, डच अर्थतज्ज्ञ पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्पची, १९७६ ची. तिच्यातला एकच प्रश्न मी आवर्जून घेते: किती स्वस्त असेल तर मालाबद्दल शंका येईल? "साठला देत असतील तर धान्य जुनं असणार," ही उत्तरं उपयोगी पडतात.

आता आकडे. १५० किंवा जास्त सांगणाऱ्या ६ जणी, त्या धरून १३० किंवा जास्त सांगणाऱ्या ११, आणि त्या सगळ्या धरून ११० किंवा जास्त सांगणाऱ्या १७. काकूंनी पाकिटाचा खर्च सांगितला ७० रुपये. त्या हिशेबानं ११० ला ६८० रुपये सुटतात, १३० ला ६६०, १५० ला ४८०. म्हणजे ११० ठेवा. पण त्या ७० मध्ये धान्य, गॅस, दळण, पिशवी एवढंच होतं. कढईपुढे उभं राहून धान्य भाजणाऱ्या बायकांची मजुरी कुठे होती? "ती काय धरायची, घरचंच काम," काकू म्हणाल्या. मी पाकिटामागे १५ रुपये धरायला लावले. खर्च ८५ झाला, आणि ११० ला ४२५ उरले, १३० ला ४९५. भाव १३० ठरला. गिऱ्हाइकाचं मन मोजायला गेलो आणि करणारीची मेहनत हिशेबात नव्हती हे कळलं. या कामातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे.

डब्यातून येणारा आकडा त्या दिवशीच्या पर्सचा असतो. महिनाअखेरीला तोच डबा मांडा, आकडे उतरतात. भाजणीला हे चालतं, पण आरोग्यासाठी लागणाऱ्या वस्तूला नाही चालत. केनियात जेसिका कोहेन आणि पास्कलीन दुपा यांनी गरोदर बायकांना औषध लावलेल्या मच्छरदाण्या वेगवेगळ्या किमतींना देऊन पाहिल्या. २०१० साली निष्कर्ष छापून आले. फुकट असलेल्या जाळीला साधारण ६० अमेरिकी सेंट लावले, तर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के-बिंदूंनी घसरलं, म्हणजे दर शंभरातल्या साठ जणी कमी झाल्या. पैसे देऊन घेणाऱ्या बायका जाळी जास्त वापरतात, असंही दिसलं नाही.

म्हणून गेल्या वर्षी एका आरोग्य सेविकेनं विचारलं, "ताई, मुलींच्या पॅडची किंमत तुमच्या डब्यानं ठरवून द्याल का?" तेव्हा मी म्हटलं, कोणती मुलगी किती देऊ शकते ते मोजून देईन, पण ज्या मुलीनं पाच रुपये सांगितले तिला पॅड कसं मिळेल, ते आधी ठरवा. ज्यांना परवडत नाही अशा मुलींच्या यादीपासूनच आम्ही सुरुवात केली.